दोन फॉर्म १६, एकच वजावट: दुसरी नोकरी आली की रिटर्न का अडतं

जून संपत आला की माझ्या टेबलापाशी रांग लागते. मी पेरोलमध्ये आहे, सीए नाही. पण फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि त्यातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, यांचा दाखला) आमच्याकडूनच जातो, त्यामुळे रिटर्नमध्ये काही अडलं की लोक आधी माझ्याकडे येतात, वाद घालतात आणि मग सीएकडे जातात. इतक्या वर्षांत माणसं बदलली, तक्रारी त्याच राहिल्या. "दोन्ही कंपन्यांनी कायद्याप्रमाणे टीडीएस कापला म्हणतात, मग आता साठ हजार कुठून निघाले?" "भरताना रिफंड दाखवत होतं, आता उलट मागणी आली." आणि तिसरी, जरा दबक्या आवाजात: "संध्याकाळचं काम करतो त्यासाठी लॅपटॉप घेतला. तो कुठे दाखवायचा? रकानाच सापडत नाही."

तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. वजावट नोकरीगणिक मिळते असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात पगारावरची वजावट (स्टँडर्ड डिडक्शन, नव्या करप्रणालीत ७५,०००) माणशी, वर्षातून एकदाच मिळते, मग त्या वर्षात एक नोकरी केली असो वा चार. आणि कामासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च पगारातून वजा होतच नाही. तो व्हायचा तर उत्पन्न व्यवसायाचं असावं लागतं. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं फक्त कोणता आकडा कुठल्या रकान्यात एवढंच उरतं.

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण ३१ मार्च २०२६पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१च्या कायद्यानेच होतो. म्हणून इथे जुनेच क्रमांक वापरले आहेत.

आधी २६एएस उघडा

बिलांची पिशवी नंतर. आधी आयकर पोर्टलवरून २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कुणी किती कर कापला त्याचा उतारा, काढा आणि प्रत्येक पैसे देणाऱ्याच्या नावापुढे कोणतं कलम लिहिलंय ते बघा. १९२ असेल तर त्यांनी तुम्हाला पगारदार धरलं आहे. १९४जे असेल तर त्यांच्या लेखी तुम्ही व्यावसायिक सेवा देणारे आहात, १९४सी असेल तर कंत्राटदार. तुम्ही तोंडाने त्याला 'माझी दुसरी नोकरी' म्हणत असाल, नेमणुकीच्या पत्रात 'सल्लागार' लिहिलेलं असेल आणि दरमहा ठरावीक रक्कम खात्यात येत असेल, तरी टीडीएस १९४जेखाली असेल तर तो पगार म्हणून दाखवता येत नाही. तिथे ७५,००० नाहीत, पण खर्चाची वजावट आहे. १९२च्या बाबतीत बरोबर उलट.

कलम हा पुरावा आहे, अंतिम निकाल नव्हे. हजेरीपत्रक, रजा, पीएफ, वरिष्ठाचं नियंत्रण असं सगळं असूनही कुणी १९४जेखाली कापत असेल, तर त्या कार्यालयाशी बोलून दुरुस्त करून घ्यावं. रिटर्नमध्ये परस्पर उत्पन्नाचं शीर्षक (पगार की व्यवसाय) बदललं की आकडे जुळत नाहीत आणि पत्रव्यवहार तुमच्या मागे लागतो.

दोन्हीकडे पगार असेल तर

आमच्याकडे गेल्या ऑक्टोबरात रुजू झालेल्या एकाचं उदाहरण घेते, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर आधीच्या कंपनीत महिना १,२०,००० म्हणजे ७,२०,०००. ऑक्टोबरपासून आमच्याकडे महिना १,४०,००० म्हणजे ८,४०,०००. नवी करप्रणाली.

आधीच्या कंपनीने एप्रिलमध्ये अंदाज बांधला: वर्षाचे १४,४०,०००, त्यातून ७५,००० वजा, उरले १३,६५,०००. त्यावर उपकरासह (सेस) कर ८८,१४०, म्हणजे दरमहा ७,३४५. सहा महिन्यांत ४४,०७० कापले. (काही कंपन्या राजीनाम्यानंतरच्या शेवटच्या हिशेबात पुन्हा गणित मांडतात, सहा महिन्यांचा पगार बारा लाखांच्या आत दिसतो आणि कापलेलं परत देतात. माणूस खूश होतो. त्याने नंतर रडायची तयारी ठेवावी.)

आता आमची बाजू. त्याने आधीच्या पगाराचा तपशील दिला नाही. आमच्या सॉफ्टवेअरला ८,४०,००० एवढंच उत्पन्न दिसलं. ७५,००० वजा, उरले ७,६५,०००. बारा लाखांच्या आत, म्हणजे कलम ८७एची सवलत लागू, कर शून्य. सहा महिने त्याच्या पगारातून आम्ही एक रुपया टीडीएस कापला नाही, आणि त्यात आमची चूकही नव्हती.

रिटर्नमध्ये दोन्ही पगार एकत्र आले: १५,६०,०००. वजावट एकदाच, म्हणून करपात्र १४,८५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर ५ टक्के, त्यापुढच्या चारवर १०, आणि बारा लाखांवरच्या २,८५,०००वर १५ टक्के. एकूण १,०२,७५०, उपकर धरून १,०६,८६०. कापलेले ४४,०७० वजा जाता भरायचे ६२,७९०. शिवाय जुलैत भरले म्हणून कलम २३४बी आणि २३४सीखालचं, आगाऊ कर न भरल्याचं व्याज साडेपाच हजारांच्या वर.

तो माझ्यासमोर बसून फॉर्म १६च्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत होता. दोन्हीत कलम १६(आयए)च्या ओळीत ७५,०००. "मॅडम, दोन्ही कंपन्यांनी दिलंय, सहीशिक्क्याचा कागद आहे हा." कागद खरा आहे. प्रत्येक कंपनीने स्वतःपुरता हिशेब बरोबर केला. पण त्या दोन कागदांची बेरीज म्हणजे रिटर्न नव्हे. दोन्हीकडचे ७५,००० घेतले असते तर त्याचा कर ११,७०० रुपयांनी कमी दिसला असता, आणि नेमक्या तेवढ्याच रकमेची मागणी काही महिन्यांनी व्याजासकट आली असती.

७५,००० तीनदा कसे जातात

पोर्टलवर रिटर्न भरताना पगाराच्या तक्त्यात प्रत्येक मालकाची नोंद वेगळी करायची असते आणि स्टँडर्ड डिडक्शन खाली एकदाच, एकूण पगारावर, आपोआप वजा होतं. यंत्रणा बरोबर आहे. चूक होते ती वरच्या रकान्यात. तिथे मागतात कलम १७(१)नुसार एकूण पगार. आपला माणूस फॉर्म १६च्या भाग ब मध्ये खाली खाली जातो, 'पगार या शीर्षकाखालील करपात्र उत्पन्न' ही ओळ त्याला जास्त अंतिम वाटते, आणि तो तो आकडा उचलून वर टाकतो. त्या आकड्यातून ७५,००० आधीच गेलेले असतात. दोन्ही कंपन्यांसाठी हेच केलं की दोनदा गेले, आणि खाली पोर्टलने नियमाप्रमाणे एकदा वजा केले. झाले तीन. माणसाने काही लबाडी केलेली नसते. रिफंड मात्र टुमदार दिसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. रिटर्नमधल्या दोन्ही एकूण पगारांची बेरीज एआयएसमध्ये (पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात) दिसणाऱ्या पगाराच्या बेरजेपेक्षा ७५,००० किंवा १,५०,०००नी कमी भरत असेल तर हेच झालंय.

याच्या उलट चूकही असते आणि ती स्वतःच्या खिशाला लागते. दुसऱ्या कंपनीला तुम्ही आधीच्या पगाराचा तपशील दिला असेल, तर त्यांच्या फॉर्म १६च्या भाग ब मध्ये 'इतर मालकाकडून मिळालेला पगार' अशी वेगळी ओळ भरलेली असते. ती धरून आलेलं एकूण उत्पन्न उचललं आणि वर पहिल्या कंपनीचा फॉर्म १६ही जोडला, तर पहिला पगार दोनदा धरला जातो. अशा वेळी कर इतका निघतो की माणूस आधी सरकारला आणि मग मला शिव्या घालतो.

पुढच्या वर्षी हे टाळायचं तर फॉर्म १२बी (हाही १९६१च्या कायद्यातला क्रमांक). नव्या कंपनीत रुजू झाल्यावर आधीच्या कंपनीचा पगार, कापलेला टीडीएस, पीएफ यांचा तपशील त्यात भरून द्यायचा. कलम १९२(२)मध्ये ही सोय आहे, आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असतील तरी त्यातल्या एका मालकाला दुसरीकडचा पगार कळवता येतो. मालकाला कळवायचं नसेल, आणि कारणं असतात, तर ३१ मार्चच्या आत स्वतः हिशेब करून आगाऊ कर भरा. तारखांचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे आहेत, तरी ३१ मार्चपर्यंत भरलेलं आगाऊ करात मोजलं जातं आणि २३४बीचं व्याज टळतं.

लपवण्याबद्दल जाता जाता एक सांगते. आयकर खातं तुमच्या दुसऱ्या नोकरीबद्दल मालकाला पत्र पाठवत नाही. पण दोन्हीकडे पीएफ असेल तर एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) एकाच महिन्याच्या दोन वर्गण्या जमा होतात. बहुतेकांचं बिंग तिथे फुटतं. नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला मनाई आहे का ते आधी वाचा. तो कराचा प्रश्न नाही.

व्यवसाय कराचं थोडक्यात. महाराष्ट्रात तो महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. जुन्या करप्रणालीत प्रत्यक्ष भरलेली रक्कम वजा होते, नव्यात होत नाही. एकाच वेळी दोन पगार असतील तर दुसऱ्या कार्यालयाला लेखी द्या की पहिल्याकडे कपात होते आहे.

पेट्रोलचं काय?

हा प्रश्न माझ्या घरातच आहे. माझे धाकटे दीर दोन महाविद्यालयांत शिकवतात. एकीकडे सकाळी, दुसरीकडे दुपारनंतर तासिका तत्त्वावर. मधलं अंतर बावीस किलोमीटर, वाहन दुचाकी. गेल्या जुलैत ते एका रविवारी पेट्रोलच्या पावत्यांची थप्पी घेऊन आले. थर्मल कागदाच्या पावत्या, निम्म्या पुसट झालेल्या. "वहिनी, हे सगळं कामासाठीच आहे. हे तरी वजा होईल ना?"

पगारदाराला थेट उत्तर 'नाही' असं आहे. पेट्रोल, घरचं इंटरनेट, कामाची खुर्ची, इस्त्रीचे कपडे, स्वतःच्या पैशाने केलेला कोर्स, यातलं काहीही पगाराच्या शीर्षकाखाली वजा होत नाही. पगारातून काय वजा होतं ते कलम १६मध्ये आहे आणि ते कलम फारच छोटं आहे: स्टँडर्ड डिडक्शन, सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. 'कामाचा खर्च' असा रकाना सापडत नाही कारण तो नाहीच.

लोकांना हा अन्याय वाटतो. मला तितकासा वाटत नाही, कारण हे ७५,००० आले कुठून ते मला आठवतं. २०१८च्या अर्थसंकल्पाआधी महिना १,६०० वाहतूक भत्ता आणि वर्षाला १५,००० वैद्यकीय खर्चाची भरपाई करमुक्त होती. एकूण ३४,२००. त्यासाठी औषधांच्या दुकानांतली बिलं गोळा व्हायची, त्यातली काही कशी असायची ते आम्हा पेरोलवाल्यांना विचारू नका. ते दोन्ही काढून बिलांशिवाय ४०,००० आले, पुढच्या वर्षी ५०,००० झाले आणि २०२४-२५पासून नव्या करप्रणालीत ७५,०००. तेव्हा तुमचं पेट्रोल त्या ७५,०००मध्ये आहेच. ते वेगळं मागितलं तर दुसऱ्यांदा मागितल्यासारखं होतं.

पगारदाराला खर्चाची खरी सोय मालकाकडून मिळते, रिटर्नमधून नाही. कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च कंपनीने बिल घेऊन परत दिला तर तो तुमचा पगारच नसतो. कंपनीच्या मालकीचा लॅपटॉप वापरायला दिला तर त्याचं मूल्य पगारात धरत नाहीत. फोनचं बिल कंपनीने भरलं तरी तसंच. दौऱ्याचा प्रवासखर्च, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता आणि कामानिमित्तच्या फिरतीचा भत्ता, जेवढा प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा, नव्या करप्रणालीतही करमुक्त आहे. गणवेश भत्ता आणि मदतनीस भत्ता फक्त जुन्या प्रणालीत. घर ते कार्यालय हा प्रवास मात्र यातल्या कशातच बसत नाही. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाणंही बसत नाही, आणि दिरांचा चेहरा तिथे पडला.

मग आम्ही २६एएस उघडलं आणि प्रकरण पालटलं. सकाळच्या महाविद्यालयाचं कलम १९२, वर्षाचे ३,६०,०००. दुपारच्या महाविद्यालयाचं १९४जे, वर्षाचे २,४०,००० आणि त्यावर १० टक्क्यांनी कापलेले २४,०००. तिथे हजेरीपत्रक नाही, रजा नाही, घेतलेल्या तासाचे पैसे. म्हणजे दुपारचं काम हे त्यांचं व्यवसायाचं उत्पन्न, आणि त्या कामासाठीचं पेट्रोल, पुस्तकं, छपाई हे सगळं तिथे वजा होऊ शकतं.

आम्ही दोन तास बसून पावत्या लावल्या, सकाळचं पेट्रोल बाजूला काढलं, दुपारच्या कामाचा खर्च ४६,००० ठरवला. चहा दोनदा झाला. मग मी एकूण उत्पन्न मांडलं. पगार ३,६०,०००मधून ७५,००० वजा, २,८५,०००. दुपारचे २,४०,०००मधून ४६,००० वजा, १,९४,०००. एकूण ४,७९,०००. कर शून्य. खर्च अजिबात दाखवला नसता तर ५,२५,०००, आणि कर तरीही शून्यच. बारा लाखांपर्यंत ८७एची सवलत आहे, आणि आम्ही पुसट पावत्या चष्मा लावून वाचत बसलो होतो! चोवीस हजारांचा रिफंड दोन्ही हिशेबांनी पुरताच मिळणार होता.

म्हणून आता मी क्रम बदललाय. आधी खर्च न धरता एकूण उत्पन्न मांडते. नव्या प्रणालीत ते बारा लाखांच्या आत असेल तर पावत्यांची पिशवी उघडतच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना तरीही बदलावी लागली. दरवर्षी ते आयटीआर-१ (साध्या पगारदारांचा रिटर्न फॉर्म) भरत आणि दुपारचे पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून टाकत. एखाद-दुसऱ्या व्याख्यानाचं मानधन तिथे दाखवणं ठीक. वर्षभर नियमित चालणारं काम व्यवसायाचं असतं आणि व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-१मध्ये बसत नाही. त्यांचं आयटीआर-३मध्ये गेलं. नाव ऐकून लोक घाबरतात, पण हिशेबवह्या ठेवणं बंधनकारक नसलेल्यांसाठी त्यात छोटा रकाना आहे: एकूण जमा, ढोबळ नफा, खर्च, निव्वळ नफा. चार आकडे.

बारा लाखांच्या वर असाल तर मात्र पिशवी उघडा

पगार सतरा-अठरा लाख आणि वर संध्याकाळचं काम, असे लोक आमच्याकडे बरेच आहेत. यांना प्रत्येक रुपयाचा फरक पडतो. यांच्यापुढे दोन रस्ते.

पहिला कलम ४४एडीए. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि आणखी काही अधिसूचित व्यवसाय. जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न धरायची, पावत्या नाहीत, वह्या नाहीत, आयटीआर-४. मर्यादा ५० लाखांची, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. तीन लाखांचं काम केलं तर दीड लाख करपात्र, मग प्रत्यक्ष खर्च चाळीस हजारच झालेला असो. त्यातून वर पुन्हा लॅपटॉप वजा करता येत नाही, तो त्या निम्म्यात आला. शिकवणीचा उल्लेख त्या यादीत नाही, म्हणून दिरांना हा रस्ता दाखवला नाही. आगाऊ करही इथे एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

यादीतला व्यवसाय असून खर्च खरोखरच निम्म्याहून जास्त असेल आणि तसं दाखवायचं असेल, तर हिशेबवह्या ठेवाव्या लागतात आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असल्यास लेखापरीक्षणही करावं लागतं. पगारदाराचं ते असतंच. लेखापरीक्षणाची फी आणि वाचणारा कर एका कागदावर मांडा, बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

दुसरा रस्ता प्रत्यक्ष खर्चाचा. कलम ३७ची अट अशी की खर्च पूर्णपणे आणि केवळ त्या कामासाठी झालेला हवा, वैयक्तिक नको, भांडवली नको. भांडवली वस्तूवर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी किमतीचा ठरावीक हिस्सा, मिळतो: संगणकावर ४० टक्के, फर्निचरवर १० टक्के. एकाने १० नोव्हेंबरला ७२,०००चा लॅपटॉप घेतला आणि पूर्ण ७२,००० खर्चात टाकले. तसं नाही. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला म्हणून दर निम्मा, २० टक्के, म्हणजे १४,४००. मुलगीही त्यावर अभ्यास करते, कामाचा वापर सत्तर टक्के धरला, म्हणजे १०,०८०. एवढेच या वर्षी. बाकीचे पुढच्या वर्षांत हळूहळू. आणि हे पैसे रोख दिले असते तर तेही गेले असते, कारण एका दिवसात एका व्यक्तीला १०,०००च्या वर रोख दिलेलं खर्चातही धरत नाहीत आणि वस्तूच्या किमतीतही.

दोन कामं असणाऱ्यांची खास चूक म्हणजे एकच बिल दोन ठिकाणी. घरच्या इंटरनेटचे पैसे नोकरीतून परत घेतले आणि तेच बिल व्यवसायाच्या खर्चातही लावलं. मला हे कसं कळतं? कारण परताव्याचा अर्ज माझ्याकडेच येतो आणि मग तोच माणूस रिटर्नचा मसुदाही मलाच दाखवतो. परत मिळालेला खर्च तुमचा राहिलेलाच नसतो.

दुसरी खास चूक तोट्याची. पहिल्या वर्षी संध्याकाळच्या कामात जमा ६०,००० आणि खर्च ९५,००० झाला, तर तो ३५,०००चा तोटा पगारातून वजा होत नाही. कलम ७१(२ए) त्याला स्पष्ट मनाई करतं. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि व्यवसायाच्याच नफ्यातून वजा होतो. 'छोटा धंदा दाखव, पगाराचा कर वाचेल' असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला हे कलम विचारा.

जुन्या करप्रणालीत असाल तर थांबा

घरभाडं, गृहकर्ज, ८०सीखालची गुंतवणूक यांच्यामुळे ज्यांना अजून जुनी प्रणाली परवडते, त्यांना दुसरं काम सुरू केल्यावर एक फास बसतो आणि तो फार उशिरा कळतो. नुसता पगार असेल तर दरवर्षी रिटर्नमध्येच प्रणाली निवडता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं, अगदी वीस हजारांचं का असेना, की जुनी प्रणाली हवी असल्यास रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तो राहिला की नवी प्रणाली लागते आणि घरभाड्याची सूट, ८०सी, सगळं त्या वर्षापुरतं गेलं. शिवाय हा व्यवसायवाला माणूस एकदा जुनीत जाऊन नवीत परतला की, व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत, पुन्हा जुनीत जाऊ शकत नाही. म्हणून बाजूचं काम घेताना पहिल्याच वर्षी दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून बघा.

जुन्या प्रणालीतच दिसणारी आणखी एक गंमत: ८०सीचे दीड लाख दोन्ही कंपन्यांनी आपापल्या फॉर्म १६मध्ये दिलेले असतात. तेही माणशी एकदाच.

१९४जेखाली कापलेला टीडीएस पगाराच्या टीडीएसमध्ये जमेस धरून हवा असेल तर मालकाला फॉर्म १२बीएए देता येतो. ही सोय ऑक्टोबर २०२४पासून आली, पण अनेक पेरोल विभागांना ती अजून सांगावी लागते. आमच्या विभागालाही मीच सांगितली.

पत्र आलंच असेल तर

आधी ते कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. १३९(९) असेल तर रिटर्न सदोष ठरलं आहे. व्यवसायाचं उत्पन्न असून चुकीचा फॉर्म भरला की असं होतं. उत्तराला पंधरा दिवस असतात आणि योग्य फॉर्मवर रिटर्न पुन्हा सादर केलं की प्रश्न मिटतो. दुर्लक्ष केलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. १४३(१)(ए)खाली प्रस्तावित फेरफार कळवला असेल तर तीस दिवस. तिथे 'सहमत' किंवा 'असहमत' निवडण्याआधी दोन्ही फॉर्म १६मधले एकूण पगार, कलम १७(१)चे, हाताने कागदावर बेरीज करा. वजावट खरंच दोनदा गेली असेल तर सहमत होऊन फरक भरून टाका, भांडण्यात अर्थ नाही. पगार दोनदा धरला गेला असेल तर असहमत व्हा आणि आधीचा पगार दुसऱ्या फॉर्म १६मध्ये समाविष्ट असल्याचं दाखवा.

पत्र आलं नसेल पण चूक तुमच्याच लक्षात आली असेल, तर मुदतीत सुधारित रिटर्न भरा. ती मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न आहे, करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत. पहिल्या बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षात ५०, पुढे ६० आणि ७०. फक्त एवढं की ते रिफंड वाढवण्यासाठी वापरता येत नाही. पगार दोनदा धरून जास्त कर भरलेल्यांना तो मार्ग बंद आहे, त्यांनी कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करावा आणि सोबत दोन्ही फॉर्म १६ हाताशी ठेवावेत, भाग ब सकट.